जाता जाता काढलेली पिशवी

आपल्याकडे 'पिशवी काढली' असं म्हटलं की कोणती पिशवी हे विचारावं लागत नाही. बाई बोलतेय आणि पिशवी म्हणतेय, म्हणजे गर्भाशय. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या गटातल्या दोघीजणींच्या बाबतीत दुसऱ्याच एका पिशवीचा प्रश्न उभा राहिला. यकृताखाली चिकटून बसलेली, लहानशा वांग्याएवढी पित्ताची पिशवी, म्हणजे पित्ताशय. एकीचं तिला न विचारता काढलं गेलं. दुसरीचं ठेवलं गेलं, पण ठेवल्यावर काय काळजी घ्यायची ते तिला नीट सांगितलं गेलं नाही. दोघींनीही वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. या दोन अनुभवांतून मला जे वाटलं ते मैत्रिणींपुढे ठेवावं म्हणून हा लेख.

पहिलीची गोष्ट आधी सांगते, कारण तिच्यात माझीही चूक आहे. ती एका पतसंस्थेत कारकून आहे. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी, तरी मला 'ताई' म्हणते. बारा वर्षांपासून मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन, गुडघे गेलेले आणि वजन ११८ किलो. सगळे उपाय करून झाल्यावर तिनं स्वतः विचार करून वजनाचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. आमच्याच बैठकीत त्यावर "चार घास कमी खाल्ले असते तर" अशी कुजबूज झाली होती, हेही कबूल करायला हवं. बाईच्या शरीराकडे बाजाराच्या नजरेनं पाहू नये असं आपण म्हणतो, पण आजारी शरीरावर उपचार घेणाऱ्या बाईला अपराधी वाटायला लावणं हीदेखील तीच नजर. असो. ऑपरेशन करावं की नाही हा तिचा निर्णय होता आणि तो तिनं घेतला होता.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री साडेनऊला तिचा फोन आला. "ताई, सहीचे कागद आणलेत. सात-आठ पानं आहेत, सगळी इंग्रजीत. चौथ्या पानावर हातानं काहीतरी जास्तीचं लिहिलंय. सही करू का?" मी दिवसभराच्या प्रशिक्षणातून थकून घरी आले होते. म्हणाले, "नेहमीचा फॉर्म असतो तो. कर सही." फोटो पाठव, वाचून सांगते, एवढंही मला सुचलं नाही. त्या दिवशीचं प्रशिक्षण कशावर होतं? 'माझं शरीर, माझा निर्णय' या विषयावर.

चौथ्या पानावर जे लिहिलं होतं त्याचा अर्थ 'गरज वाटल्यास पित्ताशय काढणे' असा होता. ऑपरेशनच्या आधीच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे नव्हते. पित्ताशयाचा त्रास तिला कधी झाला नव्हता. तरी ते काढलं गेलं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी तिच्या नवऱ्याला एका ट्रेमध्ये ते दाखवलं आणि सांगितलं, "पुढे खडे होतात, म्हणून जाता जाता हेही काढून टाकलं." तिला हे कळलं आठव्या दिवशी, घरी, नवरा शेजाऱ्यांना सांगत होता तेव्हा.

ती आज बरी आहे. साखर आटोक्यात आहे, इन्सुलिन सुटलं, जिने चढते. पित्ताशय नसल्यामुळे तिचं काही अडलेलं नाही, तळकट खाल्लं तर पोट बिघडतं एवढंच. मी जेव्हा संतापून तक्रारीची भाषा करू लागले तेव्हा तिनं मला थांबवलं. म्हणाली, "नुकसान झालं असं नाही गं. पण माझ्या पोटातून काय काढलं ते माझ्याआधी यांनी बघितलं. मी विचारलं असतं तर मीही कदाचित 'काढा' म्हणाले असते. पण मला म्हणू तर द्यायचं होतं."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

आता दुसरी. वय तेहतीस, एक मुलगा, तालुक्याच्या गावी राहणारी. तिचं बायपास पद्धतीचं ऑपरेशन पुण्याला झालं. तिलाही आधी खडे नव्हते. तिच्या सर्जननी पित्ताशयाला हात लावला नाही, आणि ते योग्यच होतं. घरी सोडताना दिलेल्या कागदावर सहा महिने घ्यायची एक गोळी लिहिली होती. ती कशासाठी, हे घाईगर्दीत एकाच वाक्यात सांगितलं गेलं: "ही पित्ताची गोळी." आता आपल्या मराठीत पित्त म्हणजे काय? आंबट ढेकर, छातीत जळजळ, मळमळ, उपास घडला की डोकं दुखणं. तिला यातलं काही होत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "पित्त होत नाही तर गोळी कशाला?" महिन्याभरात गोळी बंद झाली.

सात महिन्यांत तिचं ३८ किलो वजन उतरलं. सगळे कौतुक करत होते. मग रात्री पोटात दुखायला लागलं, बरगडीखाली उजव्या बाजूला, पाठीत खांद्याच्या पात्यापर्यंत जाणारं. घरात निदान तयारच होतं: पित्त खवळलं. लिंबू-सोडा झाला, कोकम झालं. कोणीतरी खड्यांवर पानफुटी सांगितली. पण पानफुटी लोक मूतखड्यासाठी खातात, हा खडा मूत्रपिंडातला नव्हताच. तीन आठवड्यांनी डोळे पिवळे झाले तेव्हा तिला पुण्याला हलवलं. एक खडा पित्ताशयातून निसटून पित्तनलिकेत अडकला होता. एरवी असा खडा तोंडातून दुर्बिणीची नळी घालून काढता येतो. पण बायपासमध्ये अन्नाची वाटच बदललेली असते, त्यामुळे ती नळी नेहमीच्या वाटेनं तिथवर पोचत नाही. पोटाला भोकं पाडून, बाजूला टाकलेल्या जुन्या जठरातून वाट काढावी लागली. त्याच वेळी पित्ताशयही काढलं. अकरा दिवस रुग्णालय, दागिने गहाण आणि मुलाची परीक्षा तशीच गेली.

एकीचं गरज नसताना काढलं, दुसरीचं ठेवून दुर्लक्ष झालं. वरवर पाहता या दोन उलट्या चुका आहेत. मला त्या एकच वाटतात. पित्ताशय काढावं की ठेवावं याचं सर्वांना लागू पडणारं एक उत्तर नाही. ज्या बाईचं ते आहे तिला समजेल अशा भाषेत, वेळेवर सांगणं हे मात्र दोन्ही ठिकाणी राहून गेलं. माझं म्हणणं एवढंच आहे. पण ते पटवायचं तर थोडं शरीरशास्त्र आपण शिकून घेतलं पाहिजे, कारण 'डॉक्टर सांगतील तसं' या वाक्यामागे पुष्कळदा आपलं न शिकणंच लपलेलं असतं.

यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. तेलातुपाचं अन्न पचवायला तो लागतो. पित्ताशय ही त्याची साठवणीची पिशवी. जेवलं की ती आकसते आणि रस आतड्यात सोडते. ती काढली तरी रस तयार होत राहतो, फक्त साठत नाही, थेंबाथेंबानं सरळ आतड्यात जातो. म्हणून पित्ताशयावाचून माणूस जगू शकतो, चांगला जगू शकतो. वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा शरीरातली चरबी वितळून पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं. खाणं कमी आणि बेताचं, त्यामुळे पिशवी पुरेशी आकसत नाही. साठून राहिलेल्या दाट रसात खडे धरतात. ऑपरेशननंतरचे पहिले सहा महिने ते दोन वर्षं हा धोक्याचा काळ. केवळ ऑपरेशननं नव्हे, कडक उपासमारीनं भराभर वजन उतरवलं तरीही हे होऊ शकतं.

आणि हा बायकांचा प्रश्न का? खड्यांचा त्रास मुळातच बायकांना जास्त. इस्ट्रोजेनमुळे पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे पिशवी सुस्तावते. वैद्यकीय महाविद्यालयांत पिढ्यानपिढ्या विद्यार्थी 'चार एफ' पाठ करत आले आहेत: फॅट, फीमेल, फर्टाइल, फॉर्टी. जाड, बाई, मुलं होण्याजोगी, चाळिशीची. परीक्षेला सोपं पडतं म्हणून केलेली ही ओळ. पण ज्या चार शब्दांनी बाईला वर्गात ओळखायला शिकवलं जातं, त्या चार शब्दांत ती स्वतः काय म्हणते याला जागा नाही. वजनाचं ऑपरेशन करून घेणाऱ्यांतही बायकाच बहुसंख्य. म्हणजे हा प्रश्न आपल्याच दारात येणार आहे, आणि ऑपरेशनांची संख्या वाढेल तसा जास्त येणार आहे.

आता काढायचं की ठेवायचं. तीन वेगळ्या परिस्थिती आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्या की गोंधळ होतो.

पहिली: खडे आहेत आणि दुखतही आहे. इथे फारसा वाद नाही. पित्ताशय काढायला हवं, वजनाच्या ऑपरेशनआधी किंवा त्याच्याबरोबर.

दुसरी: खडेच नाहीत. इथे आज बहुतेक तज्ज्ञांचं मत 'ठेवा' असंच आहे. ऑपरेशननंतर सोनोग्राफीत नवे खडे पुष्कळजणींना दिसतात, पण दिसणं वेगळं आणि दुखणं वेगळं. पुढे खरोखर पित्ताशय काढावं लागतं ते ढोबळमानानं शंभरात सात ते पंधराजणींचं. म्हणजे सगळ्यांचं सरसकट काढलं तर शंभरात पंचाऐंशीहून अधिकजणींचं विनाकारण जातं. शिवाय पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा होण्याची शक्यता थोडी, हजारात तीन-चार ते पाच, पण झाली तर गंभीर. आणि वजन जास्त असताना यकृत सुजलेलं आणि मोठं असतं, भोकं जठराच्या सोयीनं पाडलेली असतात, त्यामुळे काम अवघड जातं. तेच पुढे वजन उतरल्यावर पुष्कळदा सोपं होतं.

खडे होऊ नयेत म्हणून अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड नावाची गोळी आहे. तीच ती आमच्या मैत्रिणीनं सोडलेली. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायपासनंतर सहा महिने ही गोळी रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी शेकडा २ जणांना खडे झाले, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा ३२ जणांना. पुढे २०२१ साली नेदरलँड्समधल्या मोठ्या अभ्यासात ९०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, आणि त्यांनी नुसते खडे मोजले नाहीत, तर त्रास किती जणांना झाला ते दोन वर्षं पाहिलं. गोळी घेणाऱ्यांत शेकडा ६.५, न घेणाऱ्यांत शेकडा ९.७. म्हणजे उपयोग आहे, पण जादू नाही. आणि ज्यांना आधीपासूनच खडे होते त्यांना मात्र या गोळीचा फायदा दिसला नाही.

तिसरी परिस्थिती सगळ्यांत अवघड: खडे आहेत पण दुखत नाही. इथे डॉक्टरांतही एकमत नाही. कोणी म्हणतात गप्प बसलेल्याला उठवू नका, कोणी म्हणतात वजन उतरताना हे खडे दुखू लागण्याची शक्यता वाढते, आत्ताच काढा. बायपास होणार असेल तर वर सांगितलेली अडचण आहेच, पुढे खडा नलिकेत अडकला तर काढणं जिकिरीचं. जठराचा मोठा भाग कापून अरुंद नळी ठेवतात त्या स्लीव्हच्या ऑपरेशनमध्ये अन्नाची वाट तीच राहते, त्यामुळे तिथे हा मुद्दा तेवढा जोरदार नाही.

मैत्रिणींनो, जिथे डॉक्टरांतच दोन मतं आहेत तिथे निर्णय कोणी घ्यायचा? माझ्या मते नेमक्या अशाच ठिकाणी बाईचं मत निर्णायक असलं पाहिजे. कारण काही गोष्टी फक्त तिलाच माहीत असतात. तिचं गाव रुग्णालयापासून किती लांब आहे? मध्यरात्री दुखलं तर गाडी कोण काढणार? पुन्हा रजा मिळेल का, की दुसऱ्या वेळी नोकरी जाईल? विम्यात पित्ताशयाच्या खड्यांसाठी दोन वर्षं थांबायची अट आहे का, जी बऱ्याच पॉलिसींत असते? रोजची गोळी सहा महिने विकत घेणं आणि आठवणीनं घेणं तिला जमेल का? पुन्हा भूल, पुन्हा टाके याची तिला किती भीती वाटते? आणि उलट, आपल्या शरीरातलं काही नुसत्या शक्यतेपोटी जाऊ नये असं तिला किती मनापासून वाटतं? सारखेच खडे असलेल्या दोघीजणी या प्रश्नांची वेगळी उत्तरं देतील आणि दोघीही बरोबर असतील. वाडीवर एकटी राहणारी 'आत्ताच काढा' म्हणेल. शहरात रुग्णालयाशेजारी राहणारी 'बघू पुढे' म्हणेल.

'जाता जाता काढून टाकू' ही सवय आली कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. पूर्वी ही ऑपरेशनं पोट उघडून होत. एकदा उघडलेलं पोट पुन्हा उघडणं मोठं संकट, म्हणून अनेक सर्जन बायपासबरोबर पित्ताशय सरसकट काढत. त्या काळी त्याला अर्थ होता. मग दुर्बिणीचं तंत्र आलं. भारतात दुर्बिणीनं पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन १९९० साली मुंबईत डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी केलं. आज पुढे गरज पडलीच तर पित्ताशय छोट्या भोकांतून काढता येतं. तेव्हा सरसकट काढण्यामागचं मूळ कारण बरंचसं संपलं, पण 'जाता जाता' ही सवय ठिकठिकाणी शिल्लक राहिली.

कायदा काय सांगतो? मे १९९५ मध्ये दिल्लीत ४४ वर्षांची एक अविवाहित बाई मासिक पाळीच्या त्रासासाठी डॉक्टरांकडे गेली. तिनं दुर्बिणीतून तपासणीसाठी सही केली. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली गेली आणि गर्भाशय व बीजकोश काढले गेले. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १६ जानेवारी २००८ रोजी लागला. न्यायालयानं म्हटलं की एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही. सज्ञान बाई काही वेळ भुलीत आहे म्हणून तिच्या वतीनं आईची संमती चालत नाही. रुग्णाचा पुढचा त्रास, वेळ किंवा खर्च वाचेल हे न विचारता जास्तीचं ऑपरेशन करण्याचं समर्थन होऊ शकत नाही. अपवाद एकच: जीव किंवा प्रकृती वाचवण्यासाठी ते तातडीनं करावंच लागणार असेल, शुद्धीवर येईपर्यंत थांबणं शक्य नसेल तर. हे कळायला तिला जवळजवळ तेरा वर्षं झगडावं लागलं आणि भरपाई मिळाली २५ हजार रुपये. रक्कम तुटपुंजी होती, पण तत्त्व आपल्या हाती आलं. आई चालत नाही तिथे नवराही चालत नाही.

मात्र याच निकालाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. पुढे काय लागू शकेल ते आधी स्पष्ट सांगून त्याचीही संमती घेता येते. म्हणजे चौथ्या पानावर हातानं लिहिलेली ओळ कागदोपत्री संमतीच ठरू शकते. 'गरज वाटल्यास' हे दोन शब्द फार लवचिक आहेत. गरज कोणाला वाटल्यास? कशाच्या आधारावर? हे सहीच्या आधी विचारायचं असतं. नंतर विचारून फक्त मनस्ताप होतो.

इथे बीड जिल्ह्याची आठवण होणं अपरिहार्य आहे. २०१९ साली ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीत कामाचा खाडा होतो, खाड्याचा दंड होतो, कर्करोगाची भीती घातली जाते, आणि मग 'पिशवी काढून टाका, कटकट गेली'. पित्ताशयाचा प्रश्न तेवढा भीषण आहे असं मी म्हणत नाही. वजनाचं ऑपरेशन परवडणाऱ्या बाईची आणि ऊसतोड बाईची परिस्थिती एक नाही. पण 'कटकट गेली' हे वाक्य एकच आहे. आपल्या शरीराचा एखादा भाग कटकट आहे की नाही, हे दोन्हीकडे दुसऱ्याच कोणीतरी ठरवलं.

एका सर्जनांशी मी या विषयावर मोकळेपणानं बोलले. त्यांचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडते, कारण त्यात तथ्य आहे. ते म्हणाले, "आम्ही ठेवलं आणि वर्षभरात खडे झाले की हेच नातेवाईक विचारतात, तेव्हाच का नाही काढलं? काढलं तर तुम्ही विचारता, का काढलं?" यावर माझं उत्तर असं की दोन्ही प्रश्न येतात, कारण आधी बोलणं झालेलं नसतं. ज्या बाईनं समजून उमजून 'ठेवा' म्हटलं आहे ती पुढे खडे झाले तर रडेल, पण डॉक्टरांवर ओरडणार नाही. "सगळं सांगितलं तर बायका घाबरतात," असंही ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं, आमच्या बचत गटातल्या बायका लाखाचं कर्ज कोणत्या व्याजानं घ्यायचं, हप्ता चुकला तर काय, हे तासभर वाद घालून ठरवतात. शंभरात किती आणि हजारात किती हे त्यांना कळतं. सांगणाऱ्याला वेळ हवा.

तेव्हा आपण काय करायचं? आमच्या गटानं काही गोष्टी ठरवल्या आहेत, त्या इथे देते.

ऑपरेशन ठरलेल्या बाईनं संमतिपत्र आदल्या रात्री नव्हे, काही दिवस आधी मागून घ्यायचं, मराठीत मागायचं, आणि गटातल्या एकीबरोबर बसून वाचायचं. नीट कळलं नाही तर पुन्हा विचारायचं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत माहिती मिळण्याचा आणि संमतीचा हक्क आहे. आणि महाराष्ट्रात २०२१ पासून खाजगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. ती भिंतीवर आहे का ते बघायचं. नसेल तर तेही विचारायचं.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आम्ही कागदावर लिहून देतो. माझ्या पित्ताशयाची सोनोग्राफी झाली का, आणि त्यात खडे आहेत का? असतील तर मला पूर्वी होत होतं ते दुखणं त्याचं होतं का? माझं ऑपरेशन स्लीव्ह की बायपास, आणि पुढे खडा अडकला तर कसा काढणार? पित्ताशय काढणार असाल तर का, आणि ठेवणार असाल तर गोळी देणार का, किती महिने? आत पाहिल्यावर तुमचा बेत बदलू शकतो का, आणि कोणत्या कारणानं? मग संमतिपत्रावर आपल्या हातानं, आपल्या भाषेत लिहायचं: 'पित्ताशय काढण्यास माझी संमती आहे' किंवा 'नाही, जीव वाचवण्यासाठी आवश्यक असल्यास मात्र आहे'. हे लिहिताना हात थरथरला तरी चालेल.

घरी आल्यावर गोळीच्या पाकिटावर 'पित्ताची' असं लिहायचं नाही, 'खडे होऊ नयेत म्हणून' असं लिहायचं. एवढ्याशा बदलानं आमच्या दुसऱ्या मैत्रिणीची गोळी चालू राहिली असती. आणि जेवणानंतर किंवा रात्री बरगडीखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या खळगीत अर्ध्या तासाहून जास्त दुखलं, पाठीत गेलं, उलट्या झाल्या तर ते घरगुती 'पित्त' समजून बसायचं नाही, सोनोग्राफी करून घ्यायची. ताप, थंडी वाजणं, डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, आणि बायपास झालेलं आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

पतसंस्थेतली माझी मैत्रीण आता गटातल्या कोणाचंही ऑपरेशन ठरलं की कागद वाचायला बरोबर जाते, मग ते मोतीबिंदूचं असो की हर्नियाचं. इंग्रजी तिला बेताचंच येतं, पण हातानं लिहिलेली जास्तीची ओळ ती बरोबर पकडते. मागच्या महिन्यात एका बाईच्या कागदावर तिला अशीच ओळ सापडली. नर्सनं सांगितलं, "नेहमीचा फॉर्म आहे." ती म्हणाली, "असू दे. आम्ही नेहमीच वाचतो."

मला त्या रात्री हे उत्तर सुचायला हवं होतं.

तुमच्या गटात, तुमच्या घरात असे अनुभव असतील तर जरूर कळवा. ज्यांनी पूर्ण माहिती घेऊन 'काढा' म्हटलं त्यांचेही, आणि ज्यांनी 'ठेवा' म्हटलं त्यांचेही.